मोठं जेट की रात्री घरी? प्रादेशिक विमानकंपनी निवडलेल्यांचे (आणि त्यांच्या घरच्यांचे) अनुभव

टर्बोकाका
काल भाच्याचा फोन आला. हातात दोन ऑफर. एक मोठ्या कंपनीत जेटवर, परदेशी लेओव्हर (रात्रीचे मुक्काम) वगैरे. दुसरी प्रादेशिक कंपनीत एटीआर ७२ या पंख्यांच्या छोट्या विमानावर, बहुतेक रात्री घरी. "मामा, तू कसं ठरवलं होतंस?" फोन ठेवल्यावर सगळं जुनं वर आलं, म्हणून हा धागा.

मी जेटवर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक होतो. धाकटी तेव्हा नुकती बोलायला लागली होती आणि मी बूट घातले की दार बंद करून त्यासमोर बसायची. एटीआरकडे आलो तेव्हा नातेवाइकांनी हळूच विचारलं, "काही झालं का रे कंपनीत?" पंख्याचं विमान म्हणजे खालची पायरी, असंच लोकांना वाटतं. पगार कमी झाला, ते लपवत नाही.

काम हलकं झालं असं मात्र कोणी समजू नये. दिवसाला चार-पाच सेक्टर (उड्डाणं), एकेक तासाभराचा. एटीआर २५,००० फुटांच्या वर जात नाही, त्यामुळे पावसाळी ढगांवरून जायची सोय नाही, वाट काढत जायचं. ऑटोथ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद आपोआप सांभाळणारी यंत्रणा, नाही. पण उडवायची हौस फिटते! ९० दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंग हवीत असा नियम आहे. लांब पल्ल्याच्या काही मित्रांना तेवढ्यासाठी सिम्युलेटर गाठावा लागतो, आमचा कोटा एका दिवसात पुरा.

लिहा तुमचंही. पायलट असा नाहीतर पायलटच्या घरचे.

मेघना_त
घरच्यांतर्फे मी. नवरा रात्री घरी असतो हे अगदी खरं. पण पहिली फ्लाइट पहाटेची, म्हणजे गाडी साडेतीनला दारात. मग साडेआठला दिवे बंद आणि आम्ही सगळे कुजबुजत. मुलगा दहावीत असताना बाथरूममध्ये बसून पाठांतर करायचा. बाकीचं नंतर लिहिते, मशीन थांबलंय, कपडे वाळत घालायचेत

निवांत_नाही
@मेघना_त बाथरूम 😂😂 आमच्याकडे बाल्कनी

डावी_सीट
काका, भाच्याला सीनियॉरिटीबद्दल सांगितलंत का? विमान कुठलं हे सगळे विचारतात, हे कोणी विचारत नाही.

सुट्टी कुठल्या वारी, पहाटेची ड्युटी की दुपारची, दिवाळीला कोण उडणार, आमच्याकडे सगळं यादीतल्या नंबरावर. कंपनी बदलली की नंबर तळाला, आधीचे तास कितीही असोत. मी फर्स्ट ऑफिसरांच्या यादीत बऱ्यापैकी वर होतो, शनिवार-रविवार मागितला की मिळायचा. मग कॅप्टन व्हायची संधी आली. कॅप्टन झालो की कॅप्टनांच्या यादीत सगळ्यात खाली, म्हणजे स्टँडबाय (बोलावणं येईल म्हणून तयार राहणं), सणवार, इतरांनी नाकारलेलं सगळं. मुलगी तेव्हा आजारी असायची. मी अपग्रेड पुढे ढकललं. बॅचमेट चार पट्ट्या लावून फिरत होते आणि मी उजवीकडे बसून माझ्याहून लहान कॅप्टनला "सर" म्हणत होतो. एकाला चुकून "बाळा" म्हणालो, तो हसला, नशीब.

पैशाचा फरक मोठा होता आणि बायकोशी त्यावरून वाद झाले. तिचं म्हणणं घे, माझं म्हणणं नको. लोकांना वाटतं उलट असेल.

सायली३
विषय सोडून विचारते, सॉरी. एटीआरमध्ये मागच्या दारानेच का चढवतात?

टर्बोकाका
@सायली३ पुढे सामान असतं, कॉकपिट आणि केबिनच्या मधे. आणखी एक गंमत. जमिनीवर वीज-एसीसाठी मोठ्या विमानांच्या शेपटीत वेगळं छोटं इंजिन असतं, ते यात नाही. उजव्या इंजिनाच्या पंख्याला ब्रेक लावून इंजिन नुसतं चालू ठेवतात. हॉटेल मोड म्हणतात. पंखा थांबलेला, आवाज मात्र चालू.

निवांत_नाही
आमचे हेही रविवारी हॉटेल मोडवरच असतात

जुनाजाणता
उलटा अनुभव लिहितो. मी निवृत्तीपर्यंत लांब पल्ल्यावर होतो. चार दिवस गायब, मग सलग चार-पाच दिवस घरी, फोनही नाही. मुलांना शाळेत सोडणं-आणणं, पालकसभा, सगळं मीच केलं. शाळेतल्या बाईंना बरेच दिवस वाटायचं मी बेकार आहे. प्रादेशिकवाला रोज रात्री येतो, पण रोज सकाळी जातोही. जेटलॅगने तब्येतीची वाट लागली ते वेगळं.

रनवे_आई
मी पायलट, नवराही पायलट, कंपन्या वेगळ्या. गरोदरपणात ग्राउंड, म्हणजे उडणं बंद, नंतर परत यायचं म्हणजे मेडिकल, सिम्युलेटर, मग लाइन चेक, म्हणजे खऱ्या फ्लाइटवरची परीक्षा. मी प्रादेशिक निवडलं कारण बेस (जिथून ड्युटी सुरू होते तो विमानतळ) घराजवळ होता. एवढंच कारण. दोघांची रोस्टरं (ड्युटीची वेळापत्रकं) फ्रिजवर लावून पहिल्यांदा बघतो ते कुठल्या रात्री दोघंही बाहेर. त्या रात्री सासूबाई. सासूबाईंना आता "स्टँडबाय" शब्द माझ्याहून चांगला कळतो. त्यांना रोस्टरमध्ये बदल आधी सांगितला नाही तर त्या शेड्यूलिंगवाल्यांपेक्षा कडक!

डावी_सीट
@रनवे_आई सासूबाईंना सीनियॉरिटी नंबर एक द्या

वेलांटी
बेसचा मुद्दा एकदम बरोबर. घर एका शहरात आणि बेस दुसऱ्या, तर प्रादेशिक असून उपयोग नाही. सुट्टीतला अर्धा वेळ प्रवासातच जातो, शिवाय झोप.

२००९ चा कोलगन ३४०७ अपघात आठवतो का? अमेरिकेतली प्रादेशिक फ्लाइट, क्यू४०० हे पंख्यांचंच विमान, बफेलोजवळ पडलं. विमानातले ४९ आणि जमिनीवरचा एक गेला. फर्स्ट ऑफिसर रात्रभर सिअ‍ॅटलहून प्रवास करून ड्युटीला आली होती. चौकशीत मुख्य कारण कॅप्टनने स्टॉलच्या (पंखांची उचल जाण्याच्या) इशाऱ्यावर उलट दिशेने कंट्रोल ओढले हे निघालं, पण थकव्याने दोघांवर परिणाम झाला असावा असंही अहवालात आहे. त्यानंतर तिथे विश्रांतीचे नियम बदलले, २०१४ पासून लागू.

मी स्वतः दोन वर्षं असा प्रवास केला. क्रू रूमच्या खुर्चीत झोपायचो. मग घरच हलवलं, बायकोने नोकरी सोडली. म्हणजे किंमत तिने दिली. हे "फॅमिली लाइफ"च्या हिशेबात कोणी धरत नाही.

मेघना_त
आले परत. @वेलांटी शेवटचं वाक्य वाचून थांबले. मीही सोडली होती. नंतर शिकवण्या सुरू केल्या, आता बऱ्या चालतात.

वेलांटी
@मेघना_त कुठला विषय?

मेघना_त
गणित. आठवी ते दहावी. ऑनलाइनही घेते

डावी_सीट
काका, ऑफर घेणाऱ्याने एवढं विचारावं: बेस लेखी मिळतो का, स्टँडबाय घरून की विमानतळावर बसून, टाइप रेटिंगचा (त्या विमानाच्या प्रशिक्षणाचा) बाँड, म्हणजे नोकरी न सोडण्याचा करार, किती वर्षांचा. एचआरने "आमच्याकडे फॅमिली कल्चर आहे" म्हटलं तर आणखी नीट वाचावं.

रनवे_आई
+१ आणि हेही विचारा की सुट्टीच्या दिवशी फोन उचलला नाही तर काय होतं

सायली३
सगळं वाचलं, छान धागा. काका, पुढच्या आठवड्यात एटीआरने जातेय, आवाज कमी कुठे असतो? बाळ आहे सोबत

टर्बोकाका
@सायली३ मागच्या रांगा घे. पंखे पुढच्या बाजूला असतात, त्यांच्या रेषेत बसू नकोस. आणि मागून चढायचं, मागूनच उतरायचं, म्हणजे बाळाला घेऊन पहिली बाहेर.

निवांत_नाही
@मेघना_त ताई, शिकवणीचं जरा व्यनि करा ना, आमचा नववीत आहे