मदत हवी आहे : डोंगरावरच्या गाई सुखात आहेत की नाही, कसं तपासायचं?

नमस्कार मंडळी. चिखलदरा तालुक्यातल्या आमच्या गावच्या दूध गटासाठी मी बारा कोठ्यांवरच्या गाई तपासतोय. दूध किती देते हे सगळेच विचारतात, गाय कशी आहे हे कोणी विचारत नाही, म्हणून हे अंगावर घेतलं.

युरोपात २००९ साली आलेली 'वेल्फेअर क्वालिटी' पद्धत वाचली. चारा-पाणी, निवारा, आरोग्य आणि वागणूक अशी चार तत्त्वं, त्याखाली बारा निकष. मला आवडलं ते हे की त्यात कोठ्याइतकंच, किंबहुना जास्त, गाईकडे बघतात: बरगड्या किती दिसतात, लंगडते का, गुडघ्याला सूज आहे का, कास मळलेली आहे का, हात पुढे केला तर किती अंतरावरून मागे सरते.

पण ती पद्धत मुख्यतः कोठ्यातल्या गाईंसाठी. आमच्या गाई दिवसभर गाविलगडच्या उतारावर चरतात, रात्रीच दावणीला असतात. दगडधोंड्यात चालणारी गाय थोडी जपून पाऊल टाकते, ते लंगडणं धरायचं का? पावसाळ्यात चिखल, गोचीड. उन्हाळ्यात पाण्यासाठी नाल्यापर्यंत उतरून परत चढायचं. हे अंतर गुणांकनात कुठे बसवू? शिवाय १ ते ५ चं शरीरस्थितीचं मापन होल्स्टीन या परदेशी दुधाळ जातीसाठी बनलेलं; आपल्या विदर्भातल्या गवळाऊ जातीला तेच लावलं तर चांगली गायही हडकुळी ठरेल अशी भीती वाटते.

सातपुड्यात किंवा सह्याद्रीत कोणी असं काम केलंय का? पशुवैद्यक मंडळींनी निदान खुरांची तपासणी कधी करावी, पावसाआधी की नंतर, एवढं तरी सांगावं. पोळ्याच्या आधी पहिली फेरी करायची आहे.