ठिबकचं अनुदान बंद करून हेक्टरी रोख द्यावी का?

काळी माती: माझं मत, द्यावी. अल्प-अत्यल्प भूधारकांना ८० टक्के, बाकीच्यांना ७५ म्हणतात, पण ते बिलावर नाही, शासनाच्या मापदंडावर, म्हणजे शासनानं ठरवलेल्या खर्चावर. समजा मापदंड १ लाखाचा, बिल १ लाख ३० हजारांचं. मिळणार ८० हजार, खिशातून ५० हजार. झालं ६१-६२ टक्के! शिवाय पूर्ण बिल आधी भरा, मग वाट बघा. रोकड नसलेला उधारीवर घेतो आणि दुकानदार व्याज मालाच्या भावातच धरतो. तोच माल विनाअनुदान, रोखीनं मागा, भाव लगेच उतरतो.

रानवारा: भाव का उतरतो तेही सांगा की. अनुदानात आयएस १३४८८ चा शिक्का असलेली इनलाइन, म्हणजे आतच ड्रिपर बसवलेली नळी लागते. रोखीत बऱ्याचदा भंगार प्लास्टिकची नळी गळ्यात मारतात, ती उन्हात तडकते. आणि हेक्टरी रोख कुणाला मिळणार? तेलंगणानं २०१८ मध्ये एकरी ४ हजार हंगामाला दिले, ते जमिनीच्या मालकीच्या कागदावर नाव असलेल्याला. कसणारं कूळ कोरडंच. ठिबकमध्ये निदान नळी रानात तरी पडते.

काळी माती: पडते, पण चालते का? मोका तपासणीत, म्हणजे रानात येऊन करतात त्या तपासणीत, नळी मोजतात, जिओटॅग (ठिकाणाची नोंद असलेला) फोटो काढतात. पाणी सोडून शेवटच्या ड्रिपरचा प्रवाह कोण मोजतो?

चोपण: दोघंही पैशावर भांडताय, बिघाड आराखड्यात आहे. १.२ मीटर अंतरावर नळी टाकली तर हेक्टरी सुमारे ८,३०० मीटर लागते. ६० सेंमीवर ४ लिटरचे ड्रिपर धरले तर १३,९०० ड्रिपर, म्हणजे तासाला ५५ हजार लिटर. ५ एचपीचा पंप ३० मीटर हेडला (पाणी चढवायची उंची अधिक दाब) वीस-पंचवीस हजारच देतो. निदान तीन भाग पाडून आळीपाळीनं पाणी द्यायला व्हॉल्व्ह हवेतच, पण बिल आटोक्यात ठेवायला पहिली कात्री व्हॉल्व्ह आणि फिल्टरवर लागते. विहिरीत शेवाळ असेल तर सँड फिल्टर, बोअरला वाळू येत असेल तर हायड्रोसायक्लोन, म्हणजे पाणी गरगर फिरवून वाळू वेगळी करणारा फिल्टर. नुसत्या जाळीच्या फिल्टरवर भागवलं की टोकाचे ड्रिपर आधी चोंदतात आणि मग शिव्या ठिबकला. रोख दिली तरी कात्री तिथेच लागेल.

रानवारा: बरोबर. म्हणून दुरुस्ती हवी, बंदी नको. पूर्वसंमती (खरेदीआधीची शासनाची मंजुरी) मिळाली की निम्मी रक्कम आगाऊ द्या, उरलेली पाणी सोडून तपासल्यावर. आत्ता अल्पभूधारकाच्या ८० पैकी ५५ टक्के केंद्राच्या 'प्रति थेंब अधिक पीक'मधून, वरचे २५ राज्याच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून. खर्चाची शीर्षं (सरकारी खाती) दोन, त्यामुळे पैसेही तुकड्यांत.

काळी माती: आगाऊ घेऊन नळी न टाकणाऱ्यांकडून वसुली कोण करणार, तलाठी?

रानवारा: सातबाऱ्यावर बोजा चढवा. कर्जाला चढतोच ना.

चोपण: बोज्याचं नंतर बघू. आधी अर्ज भरणाऱ्यांसाठी तीन गोष्टी. पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचं बिल चालत नाही. जमिनीचं खातं सामायिक असेल तर इतर खातेदारांचं संमतीपत्र आधीच घेऊन ठेवा. पैसे अर्जात लिहिलेल्या बँक खात्यावर नाही, आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यावर जातात. 'जमा' दिसतंय आणि पासबुकात नाही, तर दुसऱ्या बँकेचं पासबुक भरून बघा.