हायवेही आणि पांदणही : कोणती गाडी घेऊ?

काटोलरोड यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. मी राहतो नागपुरात, दाभ्याला. संत्र्याची बाग काटोलच्या पुढे, चार एकर, वडिलांनी लावलेली. मागच्या वर्षापासून वडिलांचे गुडघे साथ देत नाहीत, म्हणून आठवड्यातून दोनदा मीच जातो. एका बाजूने डांबरी रस्ता ६२ किलोमीटर आणि मग साडेतीन किलोमीटर पांदण, म्हणजे शेताकडे जाणारी कच्ची वाट. पांदणीचा सुरुवातीचा भाग मुरमाचा आहे, तो बारा महिने चालतो. पुढे निव्वळ काळी माती. अगदी बागेच्या तोंडाशी नाला आहे, त्यावर ना पूल ना रपटा.

सध्याची मोटरसायकल साधी, १२५ सीसी, नऊ वर्षं जुनी. ऑगस्टमध्ये आंबिया बहाराची फळं गळून राहिली होती, फवारणी तातडीची होती. दोन दिवस उघाड पडल्यावर गेलो. काळ्या मातीत शंभरेक फूट गेलो असेन, तेवढ्यात पुढचं चाक फिरायचंच थांबलं. खाली उतरून पाहिलं तर चाक आणि मडगार्डच्या मध्ये माती थरावर थर दाबून बसलेली, त्यात गवताच्या काड्या कालवलेल्या, एकदम विटेसारखी. पळसाची फांदी तोडून खुपसून खुपसून ती काढली, वीस पावलं ढकलली, पुन्हा तेच. असं चार वेळा झालं. शेवटी गाडी धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) उभी केली आणि पाठीवर पंप घेऊन चालत गेलो. नाल्यापाशी पोचलो तेव्हा अंधार पडत होता. फवारणी राहिली. झाडाखाली हिरव्या फळांचा सडा पडलेला पाहून परत आलो. त्या दिवसापासून गाडी बदलायची हे नक्की केलंय.

वय ४१, उंची पाच फूट पाच, वजन ६४ किलो. वर्षातून एक-दोनदा बायकोसोबत चिखलदरा किंवा पचमढीला जायचं मनात आहे. ऑन-रोड अडीच लाखांपर्यंत जमेल. डोक्यात हिरो एक्सपल्स, सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स आणि रॉयल एनफिल्ड हिमालयन ४५० आहेत. हिशेब केला तर माझ्या शंभर किलोमीटरांतले पंचाण्णव डांबरावरचे. मग पाच किलोमीटरांसाठी उंच, ऑफरोडची गाडी घेणं बरोबर आहे का? का चांगली रस्त्यावरची गाडी घेऊन पावसाळ्यात चालतच जावं?

हिंगणाकर

भाऊ, माझ्याकडे हिमालयन ४५० आहे. दीड वर्षात चौदा हजार किलोमीटर झाले, मी तीच सुचवीन. ४५२ सीसी, ताकद ४० पीएस, १७ लिटरची टाकी. मागच्या डिसेंबरात सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया करत पचमढीला गेलो. मागे बायको, दोन्ही बाजूंना बॅगा, तरी घाटात इंजिन कुठे अडलं नाही. समृद्धीवर दुचाकींना बंदी आहे, त्यामुळे आपल्याला पश्चिमेकडे निघायचं तर कोंढाळी, तळेगाव, तिवसा हाच रस्ता, आणि त्यावर ट्रकांची रांग. तिथे ही ताकद रोज कामी येते.

बजेटचं मात्र पाहून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि त्यावरच्यांवर ४० टक्के. त्यामुळे दोन्ही गटांच्या किमतींमधलं अंतर वाढलं. अडीच लाखांत ही बसणार नाही.

काळ्या मातीत नेली नाही, त्यावर मी बोलणार नाही.

ढोरांची डॉक्टर

दादा, मी पशुवैद्यकीय दवाखान्यात आहे. पारशिवनी-देवलापार पट्ट्यात अकरा वर्षांपासून दुचाकीवर फिरते. उंची पाच फूट तीन. २०२२ ला गुरांचा लंपी रोग आला तेव्हा सकाळ-संध्याकाळ लसीची पेटी मागे बांधून गावोगाव फिरले, तीही साध्या गाडीवर. त्याच सालच्या शेवटी एक्सपल्स २०० ४व्ही घेतली. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमचा पंचाण्णव आणि पाचाचा हिशेब बाजूला ठेवा. डांबरावर गाडी थोडी कमी पडली तर काय होतं? ट्रकमागे दोन मिनिटं जास्त थांबावं लागतं, पाठ अवघडते, पण तुम्ही पोचता. पांदणीत कमी पडली तर पोचतच नाही आणि बागेतलं काम राहतं. तुमचं ऑगस्टमध्ये तेच झालं. म्हणून गाडी साडेतीन किलोमीटरांसाठी निवडायची आणि बाकीच्या ६२ बद्दल एवढंच विचारायचं की दर खेपेला सहन होईल ना.

आता वजन. लोक आधी सीसी विचारतात, मी आधी वजन विचारते, कारण चिखलात गाडी पडतेच. देवलापारच्या अलीकडे एका नाल्याच्या काठावर माझी पडली होती, चालण्याच्या वेगात, उजव्या अंगावर. सप्टेंबरची संध्याकाळ, आसपास माणूस नाही, टाकीच्या झाकणातून पेट्रोल ठिबकत होतं. आधी समोरून हँडल धरून ओढली. गाडी उचलली गेली नाही, नुसती चिखलात सरकत राहिली आणि माझ्या पाठीत चमक भरली. मग शांतपणे केलं. चावी बंद केली, गाडी गिअरमध्ये टाकली म्हणजे घरंगळणार नाही, साईड स्टँड आधीच बाहेर काढला म्हणजे उभी झाल्यावर पलीकडे कोसळणार नाही. हँडल पूर्ण जमिनीकडे वळवलं. गाडीकडे पाठ करून सीटला टेकून बसले, एक हात हँडलच्या मुठीवर, दुसरा मागच्या कॅरिअरला, आणि पायांच्या जोरावर लहान लहान पावलं मागे टाकत उठले. दुसऱ्या प्रयत्नात उभी राहिली. माझी गाडी १५८ किलोच्या आसपास. हिमालयन ४५० आहे १९६ किलो. मधल्या ३८ किलोंचा अर्थ शेतकऱ्याला लगेच कळतो, युरियाची गोणी ४५ किलोची असते. त्या संध्याकाळी गाडीवर जवळपास एक गोणी जास्त असती तर मी ती उचलू शकले नसते. हिंगणाकर दादांची गाडी लांबच्या प्रवासाला उत्तम आहे, पण बागेत तुम्ही एकटे जाता.

बाकीच्या गोष्टी. पुढचं चाक २१ इंची असलं की दगड, चर, मुळ्या यांवरून सहज चढतं, १९ इंचीला धक्का जास्त बसतो. व्ही-स्ट्रॉम एसएक्स १९ इंची आहे, वजन १६७, ताकद २६.५ पीएस. तुमची पांदण सगळी मुरमाची असती तर मी तीच सांगितली असती, डांबरावर ती मजेत चालते. नाल्यातल्या दगडांसाठी मात्र एक्सपल्सचा २२० मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची उंची) आणि लांब शॉकअप जास्त उपयोगाचे. २०० ला पाचच गिअर आणि १९ पीएसच्या आसपास ताकद. माझ्या कामाला पुरे, कारण मला चाळीसच्या वर जायला रस्ताच मिळत नाही. तुम्हाला एका बाजूने ६२ किलोमीटर जायचंय, तर नवी एक्सपल्स २१० बघा. लिक्विड कूल्ड (रेडिएटरवाली) आहे, २४.६ पीएस, सहा गिअर, वजन दहा-बारा किलो जास्त, सीट ८३० मिलिमीटर. २०० ची एक उंच रॅली आवृत्ती आहे, तिची सीट ८९१. तिच्याकडे पाहू नका. चिखलात पाय टेकला नाही की गाडी गेली.

काळ्या मातीबद्दल एक स्पष्ट सांगते. कुठलाही टायर लावा, ओली काळी माती खाचांत भरली की तो गुळगुळीत होतो. ट्रॅक्टरच्या चाकोरीतून जाऊ नका, धुऱ्याच्या कडेचं गवत धरा, मुळांमुळे तिथली माती धरून राहते. दुसरा गिअर, एकसारखा थ्रॉटल, फूटरेस्टवर उभं राहून, पुढच्या ब्रेकला हात नाही. टायरची हवा मी मातीत वीस पीएसआयच्या आसपास ठेवते आणि डांबरावर यायच्या आधी पुन्हा भरते, हातपंप पेटीत असतो. नाला आधी पायी ओलांडून बघायचा. पाणी वाहतं आणि गुडघ्याच्या वर असेल तर घरी परत. इंजिनात पाणी गेल्याची शंका जरी आली तरी स्टार्टर दाबायचा नाही. पाणी दाबलं जात नाही, इंजिनातला कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून आधी पाणी बाहेर काढावं लागतं.

आणि एक विनंती. अशी गाडी आली की जंगलातल्या वाटा खुणावतात. पेंच, उमरेड-कऱ्हांडला इथे गस्तीच्या वाटांवर हौसेने गाडी घालू नका. मी ज्या गावांत जाते तिथल्या गुराख्यांना त्याचा त्रास मी डोळ्यांनी पाहिलाय. बिथरलेलं जनावर त्यांच्या गुरांवर येतं.

सदरवाला

जुनी १२५ काटोलला कुणाकडे ठेवून द्या आणि नागपुरातून एसटीने जात जा, असं नाही का जमणार? पैसे वाचतील.

काटोलरोड

केला होता तो विचार. फवारणीला पहाटे पोचावं लागतं, ऊन चढल्यावर औषध वाया जातं. एसटीने काटोलला पोचून पुढे निघेपर्यंत नऊ वाजतात.

नंदनवनचं गॅरेज

भाऊ, डॉक्टर मॅडम बरोबर सांगून राहिल्या. मी फक्त मिस्त्रीच्या हिशोबानं सांगतो.

पहिलं, मडगाड. शोरूममधी गेले की पुढच्या चाकावर वाकून हात घालजा. टायर आणि मडगाडच्या मधी चार बोटं उभी आरामात फिरली पाहिजे. चाकाला चिकटून छोटं मडगाड असन तर काळी माती तिथंच जाम होते, गाडी कितीबी महाग असो. वरचं चोचीसारखं मडगाड असन आणि चाक मोकळं असन तर माती फेकल्या जाते. तुमचा ऑगस्टचा घोळ हाच होता.

दुसरं, तारेची रिम. गड्ड्यात आपटली तर अलॉय तडकते, तारेची आऊट होते, म्हणजे वाकडी होते, आणि आऊट मी अर्ध्या तासात काढून देतो. पण तारेच्या रिममधी बहुतेक ट्यूब असते, म्हणजे पंक्चर तुम्हालेच काढता आलं पाहिजे. दोन लिव्हर, एक २१ ची ट्यूब, पंप. अडचणीत २१ ची ट्यूब मागच्या १८ मधी कोंबून घरापर्यंत येता येते, उलटं होत नाही. घरी एकदा चाक काढून, लावून पाहजा, पांदणीत शिकू नका.

तिसरं, खताची गोणी कॅरिअरच्या शेपटीवर बांधू नका. वजन मागच्या चाकाच्या मागं गेलं की पुढचं चाक हलकं होते आणि हँडल डोलते. सीटवर, जितकं पुढं तितकं बरं.

इंजिनखाली लोखंडी गार्ड, लिव्हरले हँडगार्ड, आणि एक क्लच लिव्हर जास्तीची जवळ ठेवजा, पडल्यावर पहिले तीच तुटते. उन्हाळ्यात मुरमाची धूळ फिल्टरमधी बसते, दर पंधरा दिवसांनी उघडून पाहत जा. रेडिएटरच्या जाळीत चिखल वाळू देऊ नका, मे महिन्यात ४५ डिग्रीले गाडी तापन. धुताना प्रेशरचा पाइप बेरिंग आणि रेडिएटरवर सरळ मारू नका.

जुनी घेत असाल तर शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओघळ पाहा, मधल्या स्टँडवर किंवा विटेवर घेऊन हँडल हळूच फिरवा. मधोमध खटकन अडकलं तर बॉलरेसर (हँडलचे बेरिंग) गेले समजा.

ढोरांची डॉक्टर

मिस्त्रीदादांचं चार बोटांचं मी माझ्या गाडीवर आत्ताच करून पाहिलं. फिरतात.

काटोलरोड दादा, शोरूमवाले गाडी आडवी करून देणार नाहीत. रविवारी रामटेकला या. मी माझी गवतावर आडवी करते, तुम्ही उचलून बघा. उचलली गेली तर पुढचा विचार.

काटोलरोड

रविवारी जाऊन आलो. बागेत जाताना घालतो तेच गमबूट घालून गेलो होतो, बसल्यावर एका पायाचा पुढचा अर्धा तळवा नीट टेकला. डॉक्टर मॅडमनी अंबाळ्याच्या बाजूला गाडी आडवी केली. पहिल्यांदा सवयीने समोरून ओढायला गेलो, त्यांनी थांबवलं. पाठ टेकवून, हँडल वळवून, दुसऱ्या खेपेला अर्धी उठली आणि घसरली, तिसऱ्याला उभी राहिली. मांड्या थरथरत होत्या. मॅडम म्हणाल्या, आता हातात गोणी आहे असं समजून पुन्हा. पुन्हा उचलली. तेव्हाच हिमालयनचा विचार मी सोडला, ती गाडी कितीही आवडत असली तरी.

काल एक्सपल्स २१० चालवून पाहिली. चार बोटं फिरली. बायकोला मागे बसवून फुटाळ्यापर्यंत आणि परत आलो. सीट तिला जरा उंच वाटली, चढताना माझ्या खांद्याचा आधार लागला, पण बसल्यावर ठीक आहे म्हणाली. बुकिंग केलंय.

नंदनवनच्या मिस्त्रीदादांना एक विचारायचं होतं. इंजिनखालचा गार्ड शोरूममधून घेऊ की तुमच्याकडे बनवून मिळेल? मृग लागायच्या आत बसवायचा आहे. नाल्याच्या दोन्ही उतारांना मुरमाच्या दोन-दोन ट्रॉल्याही त्याआधी टाकून घेतो.