फायबर तुटल्यावर राउटर आपोआप सिमवर का जात नाही?

प्रश्न (हर्णै)
नमस्कार. आमच्या होमस्टेमध्ये मायक्रोटिकचा राउटर असून त्याच्या पहिल्या पोर्टला फायबर आणि दुसऱ्याला सिमकार्डाचा फोरजी राउटर जोडलेला आहे. फायबरच्या डीफॉल्ट रूटला (इंटरनेटकडे जाण्याच्या नेहमीच्या वाटेला) डिस्टन्स, म्हणजे पसंतीक्रम, १ आणि सिमच्या रूटला २ दिले आहे. पहिल्या पोर्टची केबल काढली की नेट लगेच सिमवर जाते. परंतु पावसात लाईन वाटेत कुठे तुटली, की राउटर फायबरलाच चिकटून बसतो. माझे नेमके काय चुकते आहे?

उत्तर (रत्नागिरी)
आपले डिस्टन्स बरोबर आहे. राउटर केवळ स्वतःच्या पोर्टमधील केबल जिवंत आहे का एवढेच पाहतो, आणि फायबरच्या डब्याला, म्हणजे ओएनटीला, वीज मिळते तोवर ती जिवंतच असते. तुटलेली तार त्या डब्याच्या पलीकडे आहे. रूटच्या ‘चेक गेटवे’ या सेटिंगमध्ये पिंग (‘आहेस का?’ असा छोटा संदेश) निवडल्यास राउटर दर १० सेकंदांनी गेटवेकडे, म्हणजे त्या वाटेवरच्या पुढच्या यंत्राकडे, विचारणा करतो आणि लागोपाठ दोनदा उत्तर आले नाही, तर तो रूट बाद धरतो. मात्र आपला गेटवे ओएनटीच असेल, तर तो घरातूनच ‘ओ’ देत राहील. म्हणून ८.८.८.८ या, गूगलच्या डीएनएस सर्व्हरच्या (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या यंत्राच्या) पत्त्यासाठी फायबरच्या गेटवेतून स्कोप १० असलेला वेगळा रूट लिहावा, आणि पहिल्या डीफॉल्ट रूटला गेटवे म्हणून ८.८.८.८ देऊन टार्गेट स्कोप ११ व चेक गेटवे पिंग ठेवावे. स्कोपच्या या आकड्यांमुळे डीफॉल्ट रूट त्या वेगळ्या रूटचा आधार घेतो, आणि तार कुठेही तुटली तरी पिंगला उत्तर न मिळून तो बाद होतो. एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही: आता ८.८.८.८ फक्त फायबरमधूनच गाठता येईल, त्यामुळे पाहुण्यांच्या फोनना तोच डीएनएस दिलेला असल्यास सिम चालू असूनही एकही पान उघडणार नाही. मास्करेड (घरातली सर्व उपकरणे राउटरच्या एकाच पत्त्याने बाहेर नेणे) दोन्ही पोर्टांवर हवे, हे सांगायला नकोच.

उत्तर (अलिबाग)
३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा खांबच आडवे झाले होते. त्यामुळे दुसरी जोडणी त्याच खांबांवरून येणारी नसावी, हा आपला निर्णय योग्यच आहे. ओएनटी, राउटर आणि सिमचा राउटर या तिघांनाही बॅटरीचा आधार द्यावा, आणि वीज गेल्यावर गावातला टॉवर किती वेळ टिकतो, तेही एकदा पाहून ठेवावे.

प्रश्नकर्ता (हर्णै)
मनःपूर्वक आभार. ओएनटीमागची फायबरची पिन काढून पाहिली. साधारण २० सेकंदांत नेट सिमवर गेले. मात्र सिमवर असताना बाहेरगावाहून घरचे कॅमेरे दिसत नाहीत.

उत्तर (रत्नागिरी)
सिमवर बहुधा कंपनीचा सामायिक पत्ता मिळतो, त्यामुळे पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून आलेली विचारणा आतल्या कॅमेऱ्याकडे पाठवणे, तेथे चालत नाही. राउटरमधूनच भाड्याच्या एखाद्या सर्व्हरकडे वायरगार्डची (सुरक्षित खासगी बोगद्याची, म्हणजे व्हीपीएनची) जोडणी करावी आणि कीपअलाइव्ह, म्हणजे जोडणी जिवंत ठेवणारा संदेश, दर २५ सेकंदांनी ठेवावा. जोडणी आतून बाहेर जात असल्याने फायबर असो वा सिम, कॅमेरे त्याच वाटेने दिसतील.