पिल्लू नावाला ओ देत नाही, म्हणून उपाशी ठेवायचं?

मृण्मयी_औंध :
काल कुत्री पाळणाऱ्यांच्या एका ग्रुपवर एक पोस्ट वाचली. ‘नवीन पिल्लू नावाला ओ देत नसेल तर एक वेळचं जेवण बंद करा. ओ देईपर्यंत नाव घेत राहा. तरी आलं नाही तर पेपरची गुंडाळी करून एक ठेवून द्या. मालक कोण ते पहिल्याच आठवड्यात कळलं पाहिजे.’ खाली अंगठ्यांची रांग, आणि ‘सर, आजपासूनच सुरू करतो’ म्हणणारे. डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

पिल्लाला स्वतःचं नाव ठाऊक नसतं. घरात दिवसभर माणसं बोलतात, त्यातलाच तो एक आवाज. त्या आवाजामागोमाग काहीतरी चांगलं मिळतं हे पुन्हा पुन्हा घडलं, की मान आपोआप वळते. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हने शंभर वर्षांपूर्वी कुत्र्यांवरच दाखवून दिलेली गोष्ट आहे ही. टीव्ही बंद करा, मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवा. मुठीत उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे तुरीच्या दाण्याएवढे तुकडे ठेवा. पिल्लू भलतीकडे बघत असताना नाव एकदाच घ्या, खुशीच्या आवाजात. मान वळली की त्याच क्षणी ‘शाब्बास’ आणि तुकडा तोंडात. नाही वळली तर नाव परत घेऊ नका. दोन पावलं मागे सरका, जिभेने टॉक करा, बघितलं की द्या. दोन-तीन मिनिटांत थांबा. खोलीत जमलं की जिन्यात, मग पार्किंगमध्ये. ‘ब्रुनो ब्रुनो ब्रुनो ब्रुनो’ चालू ठेवलं तर पहिले तीन ब्रुनो पंख्याच्या घरघरीत जमा होतात.

आणि नाव घेऊन ओरडू नका. शू केली की ‘ब्रुनोऽऽ!’, नखं कापायची तर ‘ब्रुनो, ये’, इंजेक्शनला धरायचं तरी ‘ब्रुनो’. मग नाव ऐकल्यावर ते सोफ्याखाली पळणार नाही तर काय करेल?

राहिला ‘मालक कोण’. कुत्र्यावर दादागिरी हवी हे खूळ लांडग्यांवरून आलं. कळपावर सत्ता गाजवणारा तो ‘अल्फा’ लांडगा संशोधक डेव्हिड मीच यांच्या १९७० मधल्या लिखाणातून सगळीकडे पसरला. १९९९ मध्ये त्यांनीच लिहिलं, की जंगलातला कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पिल्लं. तरी आपल्याकडे अजून पेपरची गुंडाळी चालूच.

माळरान :
ताई, राग मानू नका, पण पनीर? आमच्या वाड्यावर आजोबा कुत्र्याला भाकरी आणि ताक घालतात. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन आमची माणसं कोकणात उतरतात, तेव्हा रात्री राखण त्याच्याच जिवावर. ‘वाघ्या’ म्हटलं की दोन रानं ओलांडून येतो. कुणी शिकवलं त्याला? तुकड्यासाठी येणारा कुत्रा तुकडा संपला की जातो.

मृण्मयी_औंध :
दादा, तुमच्या वाघ्याबद्दल आदरच आहे. एक सांगा, आजोबा भाकरी टाकतात तेव्हा गप्प बसून टाकतात, की नाव घेऊन?

लातूरकर_कारवानी :
मॅडमची पद्धत लॅब्रडॉरवाल्यांसाठी आहे. आमच्याकडे कारवानी कुत्रा. नाव घेतलं की मान वळवून बघतो आणि पुन्हा लांब बघत बसतो. ससा उठला तर चिकन काय, अख्खा बोकड दाखवा. ही नजरेवर शिकार करणारी जात, तिला गोंजारून हाकेला आणता येत नाही.

मृण्मयी_औंध :
मान वळवून बघतो ना? मग नाव कळलंय त्याला. ‘नाव घेतलं की बघ’ हा एक धडा आणि ‘ये’ हा दुसरा. दुसरा कारवानीला अवघड जातो, मान्य. त्याला बंद आवारात, लांब दोरीवरच शिकवा.

ठाण्याचा_बाबा :
आमचं लॅब्रडॉरचं पिल्लू ओ देतच नाही. नुसतं चावतं, मुलीच्या पोटऱ्या लाल झाल्यात. घरी सासूबाई ‘सोन्या’ म्हणतात, मुलगी ‘ऑस्कर’, बायको ‘बाळा’. ब्रीडरने पस्तीस दिवसांचं दिलं. म्हणाला, लहान नेलं की लळा लागतो.

पशुवैद्य_होणार :
पस्तीस दिवस! काका, २०१७ च्या श्वानप्रजनन नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. दात किती जोरात लावायचे हे पिल्लू भावंडांत शिकतं. जोरात चावलं की समोरचं केकाटतं आणि खेळ थांबतो. तुमच्या पिल्लाचा तो वर्गच बुडाला. तो माणूस लळ्यासाठी नाही, खाद्याचा खर्च वाचवायला लवकर काढतो.

इंडीची_आई :
पण विकत घेताच कशाला? प्रत्येक गल्लीत पिल्लं गाड्यांखाली मरतात आणि लोक रंग बघून हजारो मोजतात. मग त्या विकाऊ पिल्लांची आई वर्षानुवर्षं पिंजऱ्यात. तुम्ही पैसे दिलेत म्हणून हा धंदा चालतो.

ठाण्याचा_बाबा :
अहो ताई, मी नाव शिकवायचं विचारलं, तुम्ही मला कसाई ठरवून मोकळ्या! आधी रस्त्यावरचंच आणलं होतं आम्ही. त्याला पार्वो झाला, तो विषाणूचा आजार. रक्ताचे जुलाब, घरभर तो वास, सलाईन लावलेला तो एवढासा पाय मुलगी धरून बसायची. गेलं ते. त्यानंतर मुलगी नीट जेवत नव्हती. तुम्ही होतात का तिथे?

इंडीची_आई :
पिल्लाचं ऐकून वाईट वाटलं, मनापासून. पण पार्वो गल्ली बघून येत नाही, लस नसली की येतो. ब्रीडरकडच्या पिल्लांनाही होतो.

पशुवैद्य_होणार :
दोघांचंही बरोबर आहे, भांडू नका. सहा ते आठ आठवड्यांपासून लस सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत ठरावीक अंतराने द्यावी लागते. एका डोसवर थांबू नका. आणि काका, पार्वोचा विषाणू घरात नि अंगणात महिनोन्‌महिने टिकतो. नवीन पिल्लाची लसीची फाइल आजच डॉक्टरांना दाखवा, ब्रीडरच्या स्टिकरवर विसंबू नका.

ठाण्याचा_बाबा :
दाखवतो. पस्तीस दिवसांचं नको होतं आणायला, एवढं मानलं. बाकीचं मानत नाही.

जुना_श्वानपालक :
ती पोस्ट माझीच आहे. मी लहानपणापासून कुत्री पाळतो, अल्सेशियन, डॉबरमन, सगळं झालं. हल्ली लोक पिल्लाशी बोबडं बोलतात आणि मग ऐकत नाही म्हणून रडतात. करडा आवाज लागतो.

पशुवैद्य_होणार :
काका, यावर प्रयोग झालाय, २०१७ मध्ये. आपण लहान बाळांशी बोलतो तसा वरच्या पट्टीतला आवाज पिल्लांना ऐकवला, तर ती जास्त प्रतिसाद देत होती. मोठ्या कुत्र्यांना तेवढा फरक पडला नाही. तुमचा करडा आवाज मोठ्यांवर चालला असेल, इथे प्रश्न पिल्लाचा आहे.

सांगलीची_रेवती :
पेपरच्या गुंडाळीवर मला बोलायचंय. शेजाऱ्यांनी डाल्मेशियन आणला. नाव घेऊन घसा बसायचा, तो ढिम्म. हट्टी म्हणून मार खायचा. एकदा मी त्याच्या पाठीमागे उभी राहून किल्ल्यांचा जुडगा वाजवला, कान हलला नाही. फरशीवर पाय आपटला तर गर्रकन वळला. तो बहिरा होता! डाल्मेशियनमध्ये जन्मजात बहिरेपण बरंच आढळतं, हे त्यांना विकणाऱ्याने सांगितलंच नव्हतं. आता हात हलवला की धावत येतो. पण कुणी पेपर हातात घेतला तरी अजून भिंतीला चिकटतो. काका, तुमच्या पोस्टखाली ‘आजपासून सुरू करतो’ म्हणणाऱ्यांच्या घरी असं पिल्लू नसेल कशावरून?

जुना_श्वानपालक :
बहिऱ्याचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पेपरची ओळ काढून टाकतो. उपाशी ठेवायचं मात्र काढणार नाही, भूक नसेल तर कुठलंच जनावर शिकत नाही.

मृण्मयी_औंध :
ओळ काढताय, चांगलं झालं. पण जेवणाच्या आधी शिकवणं वेगळं आणि जेवण तोडणं वेगळं. दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा खायला लागतं. चिवावा, पॉमेरेनियनसारख्या लहान जातींत एखादं जेवण चुकलं तरी रक्तातली साखर उतरून पिल्लू लटपटतं, झटकेही येतात. त्याचंच रोजचं खाणं मोजून वाटीत काढा आणि त्यातले दाणे नाव घेत घेत द्या. उपाशी ठेवायची गरजच पडत नाही.

माळरान :
आबांना फोन लावला होता. भाकरी टाकताना ‘वाघ्या, ये रं’ म्हणूनच टाकतात, पिल्लू असल्यापासून. तेवढ्यापुरतं तुमचं खरं. पनीर मी आणणार नाही.

मृण्मयी_औंध :
नका आणू, भाकरीच द्या. ठाण्याचे काका, आधी घरात एक नाव ठरवा. सासूबाईंच्या हातून जास्त खाणं जात असेल तर ‘सोन्या’च ठेवा, ते लवकर रुळेल. चावायला आलं की खेळ तिथेच थांबवा, उठून जा. आणि मुलीला म्हणावं, पोटऱ्या चावल्या तरी नाव घेऊन किंचाळायचं नाही.

ठाण्याचा_बाबा :
मुलगी ‘ऑस्कर’वर अडून बसली आहे. सासूबाईंशी आज रात्री बोलतो.