घोट्याचं फ्रॅक्चर: साठीपुढच्यांना सरसकट प्लेट कशाला?

पंचवटीकर:
पावसाळ्यात गोदाघाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि कुणी ना कुणी घसरतंच. या वेळी माझी मावशी. वय ७१, जुनी शुगर, घोटा सुजून टम्म. डॉक्टर म्हणाले, प्लेट, म्हणजे तुटलेल्या हाडावर स्क्रूने बसवायची धातूची पट्टी. माझं मत स्पष्ट आहे: अशा पेशंटला आधी रॉडचा, म्हणजे हाडाच्या आत सरकवायच्या सळईचा विचार व्हावा. बाहेरच्या घोट्यावर मांस असं नसतंच, कातडी की लगेच हाड. तिथे लांब चिरायचं, खाली प्लेट बसवायची आणि जखम भरेल अशी आशा करायची. रॉड घोट्याच्या टोकाकडून छोट्याशा छेदातून जातो. एडिंबरोत ६५ वर्षांपुढच्या १०० पेशंटांमध्ये दोन्हींची तुलना झाली, २०१६ साली छापून आली. वर्षभरानंतर पायाचं काम सारखंच, पण जखमेत संसर्ग रॉडवाल्यांत स्पष्टपणे कमी.

सिडकोतला ऑर्थो:
असहमत. सांधा तंतोतंत बसावा म्हणून तर ऑपरेशन करायचं. रॅम्सी आणि हॅमिल्टन यांनी १९७६ मध्येच दाखवलंय, टेलस, म्हणजे सांध्यातलं खालचं हाड, १ मिलिमीटर बाहेर सरकला तरी सांध्यातला संपर्क ४२ टक्क्यांनी घटतो. प्लेट लावताना तुटलेली कड डोळ्यांसमोर असते. रॉड टाकताना बहुतेक वेळा सी-आर्मच्या (ऑपरेशनमधल्या एक्स-रे यंत्राच्या) पडद्यावर बघत हाड बाहेरूनच जुळवायचं. फिब्युला, म्हणजे पोटरीतलं बाहेरचं हाड, जराशी आखूड राहिली किंवा फिरली, की सांधा झिजायला लागलाच. आणि टाके बिघडतात ते बऱ्याचदा घाईने. पाय उंच ठेवा, कातडीवर सुरकुत्या दिसू द्या, मग हात लावा. आठ-दहा दिवस गेले तरी चालतील.

पंचवटीकर:
ते ४२ टक्के मृतदेहांच्या पायांवर मोजलेले आहेत, दादा. थांबल्याने सूज उतरेल. शुगरने बिघडलेला रक्तपुरवठा कसा सुधारणार? एकदा पू झाला की प्लेट काढा, पुन्हा भूल, पुन्हा अंथरूण. या वयात ते झेपत नाही.

गंगापूर रोडची फिजिओ:
तुम्ही दोघं ऑपरेशन धरूनच चाललात. ब्रिटनमध्ये साठीपुढच्या ६२० जणांच्या अभ्यासात भूल देऊन हाड बसवून, पायाला घट्ट चिकटेल असं प्लास्टर घातलं. सहा महिन्यांनी चालणं-फिरणं ऑपरेशनवाल्यांइतकंच.

सिडकोतला ऑर्थो:
ताई, त्यातच प्लास्टरवाल्यांची हाडं वाकडी जुळण्याचं प्रमाण जास्त होतं आणि साधारण पाचातल्या एकाला शेवटी ऑपरेशन लागलं, तेही सांगा. पंचवटीकर, घोट्याच्या सांध्यातली नडगीच्या हाडाची मागची कड तुटली असेल तर नुसत्या रॉडने भागणार नाही. सीटी काढलाय का?

पंचवटीकर:
उद्या आहे. मागची कड शाबूत निघाली तर मी रॉडच मागणार, आणि तो नेहमी टाकणारा सर्जन शोधणार.