मिडलसेक्स नकाशात सापडत नाही: भिंतीवर इंग्लंडच्या काउंट्या काढायच्या आहेत

आर्वीकर_वाचनालय
गावच्या वाचनालयाच्या भिंतीवर इंग्लंडचा काउंटीवार (काउंटी म्हणजे तिथला जिल्हा) नकाशा रंगवायचा आहे. जागा ६ फूट उंच, ५ फूट रुंद. एका यादीत ३९ काउंट्या आहेत, दुसरीत ४८. आपला उमेश यादव २०२२ मध्ये मिडलसेक्सकडून खेळला, म्हणून पोट्टे आधी मिडलसेक्सच शोधतात, आणि ते नव्या नकाशात नाही. काहून? यादी कोणती धरावी? कोणाचा धुरा (सीमा) कोणाला लागतो हे तपासावं कसं? रंग किती लागतील?

भूगोल_वणी
आधी यादी पक्की करा, मग पेन्सिल लावा. ३९ म्हणजे जुन्या ऐतिहासिक काउंट्या. त्यात यॉर्कशायर अख्खं एक, मिडलसेक्स आणि हंटिंग्डनशायरही. ४८ म्हणजे आजच्या, १९९७ च्या कायद्यातल्या, जिथं राजाचा प्रतिनिधी (बहुतेक ठिकाणी लॉर्ड-लेफ्टनंट) नेमला जातो. भिंतीसाठी ४८ च घ्या. कौन्सिलच्या हद्दी मात्र काढू नका. अकोला शहर महापालिकेत आहे, जिल्हा परिषदेत नाही, तरी जिल्हा अकोलाच ना? नॉटिंगहॅमचं तसंच आहे: शहराची कौन्सिल वेगळी, पण काउंटी नॉटिंगहॅमशायरच. कंब्रियात २०२३ पासून दोन कौन्सिल आहेत, पण नकाशावर कंब्रिया एकच.

मिडलसेक्स १९६५ मध्ये मोडलं. बहुतेक भाग ग्रेटर लंडनमध्ये गेला, पॉटर्स बार हार्टफर्डशायरला, स्टेन्स आणि सनबरी सरेला. क्रिकेट क्लबानं नाव सोडलं नाही. पोट्ट्यांसाठी लंडनच्या वायव्येला तुटक रेषेनं जुनं मिडलसेक्स दाखवा, लॉर्ड्स त्यातच येतं.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या १९७४ च्या आधीचा आणि नंतरचा नकाशा मिसळल्यानं. त्या वर्षी ॲबिंग्डन आणि डिडकॉट बर्कशायरमधून ऑक्सफर्डशायरला गेले, बोर्नमथ हॅम्पशायरमधून डॉर्सेटला. म्हणून जुन्या पुस्तकात 'टेम्स ही बर्कशायर आणि ऑक्सफर्डशायरची सीमा' असं वाचून पूर्ण नदीवर रेघ ओढली की नकाशा चुकतो. आज ती काही भागातच सीमा आहे.

मोजणीवाला
धुरे तपासायची रीत आपल्या वर्धा जिल्ह्यावर करून पाहा. शेजारी चार: नागपूर, अमरावती, यवतमाळ, चंद्रपूर. याच क्रमानं फिरलं की प्रत्येकाचा धुरा पुढच्याला लागतो आणि चंद्रपूर परत नागपूरला येऊन मिळतं. कडं पूर्ण झालं.

आता नॉर्थॅम्प्टनशायर: वॉरिकशायर, लेस्टरशायर, रटलंड, लिंकनशायर, केंब्रिजशायर, बेडफर्डशायर, बकिंगहॅमशायर, ऑक्सफर्डशायर. आठ. यातलं लिंकनशायर हमखास सुटतं, कारण दोघांची सामाईक सीमा फक्त १९ मीटरच्या आसपास आहे. ते सुटलं की कडं रटलंड आणि केंब्रिजशायरच्या मध्ये तुटतं, आणि चूक तिथंच सापडते.

दुसरी तपासणी: प्रत्येक काउंटीपुढं शेजाऱ्यांची संख्या लिहा. सगळ्यांची बेरीज सम आली पाहिजे, कारण प्रत्येक धुरा दोन्हीकडून मोजला जातो. विषम आली तर कुठंतरी एकतर्फी नोंद आहे.

आर्वीकर_वाचनालय
म्हणजे रटलंड आणि केंब्रिजशायर एकमेकांना लागत नाहीत?

मोजणीवाला
नाही. ती १९ मीटरची पट्टी आड येते. इंग्लंड दक्षिणोत्तर साधारण ६५० किमी. १ सेंमीला ४ किमी धरलं तर तुमच्या भिंतीत बसतं. त्या मापात १९ मीटर म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग, ब्रशनं निघणार नाही. स्टॅम्फर्डजवळचा तो कोपरा बाजूला गोल करून मोठा दाखवा. सिटी ऑफ लंडन (लंडनच्या मधली छोटी, वेगळी काउंटी) ज्वारीच्या दाण्याएवढी येईल, तीही तिथंच घ्या.

पैनगंगाकाठ
सोप्या काउंट्या आधी उरका. कॉर्नवॉलला एकटं डेव्हन लागतं आणि बरीचशी सीमा टेमर नदी आहे. आइल ऑफ वाइटला जमिनीवर कोणीच नाही. सिटी ऑफ लंडनभोवती फक्त ग्रेटर लंडन. नॉरफक-सफकमध्ये वेव्हनी आणि लिटल ऊझ या नद्या, सफक-एसेक्समध्ये स्टॉर नदी. केंट-एसेक्समध्ये टेम्सची खाडी आहे. ते शेजारी धरायचे की नाही हे एकदा ठरवा आणि प्रत्येक खाडीला तोच नियम लावा.

मॉर्टन-इन-मार्शजवळ 'फोर शायर स्टोन', म्हणजे चार काउंट्यांचा दगड आहे, पण तिथं आज चार नाही, तीनच काउंट्या भेटतात. चौथी होती वुस्टरशायर, पण ईव्हनलोड हा तिचा तुटक तुकडा १९३१ मध्ये ग्लॉस्टरशायरला गेला.

भूगोल_वणी
शेजारच्या दोघांना एकच रंग द्यायचा नाही, असं धरलं तर रंग चार पुरतात, आणि चार लागतातच. वॉरिकशायरभोवती सात शेजारी आहेत: स्टॅफर्डशायर, लेस्टरशायर, नॉर्थॅम्प्टनशायर, ऑक्सफर्डशायर, ग्लॉस्टरशायर, वुस्टरशायर, वेस्ट मिडलंड्स. विषम कडं दोन रंगांत आलटून-पालटून बंद होत नाही, तिसरा लागतो. मधल्या वॉरिकशायरला मग चौथा. नॉर्थॅम्प्टनशायरचं कडं आठाचं, तिथं तीन पुरतात.

हा प्रश्न जगात आला तोच इंग्लंडच्या काउंट्यांमुळे. १८५२ मध्ये फ्रान्सिस गथ्री काउंट्यांचा नकाशा रंगवत होता, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की चार रंगांत भागतं. कोणत्याही नकाशाला ते लागू आहे हे केनेथ ॲपल आणि वोल्फगांग हाकेन या गणितज्ञांनी संगणक लावून सिद्ध केलं १९७६ मध्ये. हे नकाशाखाली जरूर लिहा.

सुरुवात वॉरिकशायरपासून करून बाहेर सरका. किनाऱ्यापासून आत आलात तर मधे अडकाल आणि खरवडावं लागेल. आधी प्रत्येक काउंटीत पेन्सिलनं रंगाचं अक्षर लिहा, ४८ भरली की मगच डबे उघडा. समुद्राचा निळा या चारांत धरू नका. वेल्स आणि स्कॉटलंडला राखाडी द्या.